खोली ऐकण्याचा नेम

“आधी खोली ऐक. माणूस नंतर.” मोठ्या बाईंनी हे पहिल्याच दिवशी सांगितलं तेव्हा ती तेवीस वर्षांची होती, आणि खोली ऐकायची म्हणजे नेमकं काय करायचं हे तिला कळलं नव्हतं. ऐकण्यासारखं तिथे होतंच काय? चारी भिंतींना आणि छताला करड्या स्पंजाचे उंचवटे, खाली जाड गालिचा, एक खुर्ची, एक टेबल, समोर दोन पदरी काच, आणि आतून पाठ टेकवून ढकलावं लागे इतकं जड दार. दार लागलं की कुणीतरी मागून येऊन कानांवर तळहात ठेवावेत तसं व्हायचं. माणसं या खोलीत येऊन बसत, हेडफोन घालत, सूर ऐकू आला की हातातलं बटण दाबत, आणि काचेपलीकडे बसून त्यांच्या कानांचा आलेख काढायचा, हे तिचं काम. पण त्या कामाआधी, रोज, पहिला माणूस यायच्या आत, सगळी यंत्रं चालू करून आत एकटीनं पाच मिनिटं बसायचं, डोळे मिटायचे, आणि खोली ऐकायची. कुठे वायर गुणगुणते, कुठे पाइपात पाणी सरकतं, वरच्या मजल्यावर कोण खुर्ची ओढतं. “जे तुला ऐकू येईल ते त्या माणसाच्या सुरात मिसळणार,” मोठ्या बाई म्हणाल्या होत्या, “आणि मग खोलीचा दोष तू त्याच्या कानावर लिहिणार. तसं करू नकोस.” तिनं मान हलवली होती. नुसत्या मानेवर मोठ्या बाईंचं समाधान झालं नव्हतं. तोंडानं म्हण, म्हणाल्या. मग तिनं तोंडानं म्हटलं होतं की एक दिवसही चुकवणार नाही.

आणि चुकवला नव्हता. बत्तीस वर्षांत एकही नाही. अंगात कणकण असली तरी, नवऱ्याच्या ऑपरेशनच्या दिवशी दुपारी कामावर हजर व्हायचं होतं तेव्हाही, आधी खोली. घरी देवापुढे दहा मिनिटं आणि इथे पाच, यावरून नवरा तिची थट्टा करायचा. देवाचा नंबर अजून वर आहे म्हणायचा, तुझ्या खोलीनं एकदा का दहा मिनिटं मागितली की देवाला पेन्शनीत काढशील. ती हसायची. पण खरं म्हणजे तिला त्या दोन बैठकांत फारसा फरक वाटत नसे. दोन्हीकडे डोळे मिटायचे आणि आपलं काही न बोलता दुसऱ्याचं काही ऐकू येतंय का ते पाहायचं. गेल्या दोन-अडीच वर्षांत तर खोलीतली ती पाच मिनिटं फार गोड झाली होती. पूर्वी डोळे मिटले की बारीकसारीक काहीतरी टोचत राहायचं, ट्यूबलाइटची चुरचुर, मनगटावरच्या घड्याळाची टिकटिक. हळूहळू ते सगळं मागे गेलं होतं. आत बसलं की नुसती एक गाढ, मऊ, भरलेली शांतता. इतकी वर्षं निष्ठेनं बसलो म्हणून खोलीनं आपल्याला हे दिलं असावं, असं तिला वाटलं होतं. ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती, सांगितली तर विटेल म्हणून.

आज सकाळी अकराच्या सुमाराला कॉम्प्युटरवाला आला तो पलीकडच्या खोलीतल्या प्रिंटरसाठी. काम संपवून, पिशवी खांद्याला लावून जाता जाता तो सहज डोकावला. तपासणीच्या खोलीचं दार उघडंच होतं, आतला माणूस नुकताच गेला होता. कॉम्प्युटरवाला उंबऱ्यापाशी थांबला, तोंड वेडंवाकडं केलं, आणि म्हणाला, “हा अजून तसाच किंचाळतोय? ताई, तुम्ही बसता तरी कशा इथे?”

तिला वाटलं प्रिंटरबद्दल बोलतोय. पण तो आत शिरून खुर्चीमागच्या स्टुलापाशी वाकला होता. त्या स्टुलावर कॉम्प्युटरचं कॅबिनेट होतं. खरं तर ते आत असायला नको होतं, माणसाच्या पाठीशी तर मुळीच नको. पण नवी यंत्रणा आली तेव्हा सूर काढणाऱ्या पेटीची वायर आखूड निघाली, भिंतीला नवं भोक पाडायची परवानगी वरून मिळता मिळेना, आणि शेवटी जुन्या भोकातून पडद्याच्या आणि की-बोर्डच्या वायरी तेवढ्या बाहेर काढून खुद्द डबा आतच ठेवला गेला. मोठ्या बाई तेव्हा निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी तिनं त्यांना मुद्दाम बोलावून आणलं होतं. म्हाताऱ्या बाई काठी टेकत आत गेल्या, दार लावून घेतलं, आणि पाचाऐवजी पंधरा मिनिटांनी बाहेर आल्या. “हा बोलत नाही. राहू दे,” म्हणाल्या. कारण त्या डब्यात तेव्हा मोठा पंखा होता, तळहाताहून रुंद, पातं न् पातं दिसेल इतक्या संथपणे फिरणारा. आठ महिन्यांपूर्वी तो बंद पडला. डबा तापून मध्येच बंद पडू लागला, बाहेर रांग लागलेली, आणि याच कॉम्प्युटरवाल्यानं पिशवीत होता तो छोटा पंखा पट्टी मारून मोठ्याच्या जागी बसवून दिला होता.

ते सगळं त्यानं आता पुन्हा सांगितलं, पिशवीतून स्क्रूड्रायव्हर काढता काढता. तेव्हाच म्हणालो होतो ताई, हा तात्पुरता आहे. एकशे वीस मिलिमीटरचा पंखा मिनिटाला आरामात आठशे फेऱ्यांत जेवढी हवा बाहेर टाकतो ना, तेवढी टाकायला या ऐंशीच्याला तीन हजार फेरे मारावे लागतात. पातं आखूड, मग धाव जास्त. त्यातून ही खोली चहूकडून बंद, डब्यानं फेकलेली गरम हवा फिरून डब्यातच येते, मग तो आणखी पळतो. आता तर बेअरिंग सुकलंय. आवाज आला की फोन करा म्हणालो होतो, तुमचा फोन आला नाही, म्हटलं बाईंना चालतोय. तो हे सगळं सांगत होता त्यात तक्रार नव्हती. त्यानं कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढलं, आत हात घातला आणि बोटाच्या टोकानं पंख्याचा मधला बिल्ला दाबून धरला. पंखा थांबला. “हे बघा,” तो म्हणाला. मग बोट काढलं. पंखा सुटला. “आणि हे.” पुन्हा बोट ठेवलं. “आता? केवढा फरक आहे की नाही?”

फरक नव्हता. बोट होतं तेव्हा खोली शांत होती आणि बोट नव्हतं तेव्हाही शांत होती. फार तर हवेचा एक सुस्कारा, खालच्या पट्टीतला, बोट काढल्यावर यायचा. पण त्याच्या चेहऱ्यावर जे दिसत होतं, बोट काढताच डोळे बारीक होणं, ठेवताच कपाळ मोकळं होणं, तसं काही खोलीत घडतच नव्हतं. ती त्याच्या बोटाकडे पाहत राहिली. बोट उठलं की तिनं कपाळाला आठी घातली, बोट टेकलं की मान डोलावली. “हो,” ती म्हणाली, “आता बरं वाटतंय.” आणि म्हणता म्हणताच तिला आठवलं की हे आपण पाहिलेलं आहे. काचेपलीकडून शेकडो वेळा पाहिलेलं आहे. ज्यांना ऐकू येत नाही पण येतं असं दाखवायचं असतं ती माणसं तिच्या हाताकडे टक लावून बसतात. खांदा जरा हलला की पटकन बटण दाबतात. म्हणून तर हात टेबलाखाली ठेवायची सवय तिनं लावून घेतली होती. अशा माणसांचा तिला कधी राग आला नव्हता. कीव यायची, आणि ती त्यांच्या कार्डावर बारीक अक्षरात लिहायची की तपासणी पुन्हा घ्यावी.

कॉम्प्युटरवाल्याच्या काही लक्षात आलं नाही. त्यानं छोट्या पंख्याची वायर उपटली, झाकण उघडंच ठेवलं, म्हणाला आत प्रोसेसरवर वेगळा पंखा आहे, तासभर काही होत नाही, तोवर दुकानातून मोठा घेऊन येतो. दारातून वळून वर हेही म्हणाला, तिची समजूत घालावी तसं, की सकाळी डबा गार असतो तेव्हा पंखाही हळू फिरतो, तेव्हा एवढं जाणवत नसेल. तापला की मग सुटतो. तुम्ही सकाळच्या बसता ना आत? मग कळणार कसं?

तो गेला. तिनं बाहेरच्या माणसांना थोडं थांबायला सांगितलं आणि आपल्या खुर्चीत येऊन बसली. सकाळी गार असतो. तेव्हा कळणार कसं. हे वाक्य तिनं दोन्ही हातांनी धरलं. खरंच की, नेम सकाळचा, आणि आवाज दुपारचा. दोष वेळेचा आहे. कुणी विचारलं तर हेच सांगायचं, आणि त्यात खोटं काही नाही. डॉक्टर, जिच्या सहीनं ही कार्डं पुढे जातात, ती तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान आणि स्वभावानं मऊ, ती तर लगेच मानून घेईल. निवृत्तीला चार वर्षं राहिली. चार वर्षं दुपारीही पाच मिनिटं बसू, नेम दुप्पट करू. पण हात टेबलाखाली गेले होते. कुणी समोर नसताना तिचे हात टेबलाखाली लपले होते, आणि आत्ता, भर अकरा वाजता, डबा तापलेला असताना, त्याचं बोट उठत होतं आणि टेकत होतं आणि तिला काही ऐकू आलं नव्हतं.

मग बाकीचं आपोआप येऊ लागलं, बोलावलं नसताना. कपड्यांच्या यंत्राची पिपपिप. ते हल्ली वाजत नाही, बिघडलंय, असं ती म्हणाली होती तेव्हा नवऱ्यानं तिच्याकडे चष्म्यावरून पाहिलं होतं. दाराची घंटा, जी त्याला ऐकू येई आणि तिला नाही, कारण ती स्वयंपाकघरात असते, पाणी सुटलेलं असतं. आणि पाखरं. पहाटे फिरायला जाताना ती एकदा म्हणाली होती, पाखरं कमी झालीत हो आपल्याकडे. तो म्हणाला होता, “आहेत की. तारेवर बघ.” तिनं पाहिलं तर तारेवर ओळीनं बसली होती, चोची उघडत होती, मिटत होती. तिला वाटलं होतं, तहानली असतील. नंतर कधीतरी तो हसत हसत म्हणाला होता की दुसऱ्यांचे कान तपासता तपासता स्वतःचे कुठे ठेवून आलीस? त्यावर ती दोन दिवस त्याच्याशी नीट बोलली नव्हती. तो बिचारा थट्टा अंगाशी आली म्हणून गप्प झाला, आणि तेव्हापासून तिच्याशी जरा मोठ्यानं बोलू लागला. तेही तिच्या लक्षात आलं नव्हतं. आत्ता आलं.

ती शांतता. अडीच वर्षं जी प्रसाद म्हणून ती ओंजळीत घेत होती. ती खोलीची नव्हतीच.

तिनं उठून कार्डांचं कपाट उघडलं. आठ महिन्यांची कार्डं काढली आणि टेबलावर पसरली. प्रत्येक कार्डावर उजव्या आणि डाव्या कानाची एकेक रेघ, तिनंच काढलेली, पट्टीनं, नेटकी. शोधावं लागलं नाही. रेघ सरळ येते, येते, आणि चार हजार हर्ट्झच्या सुरापाशी खड्ड्यात पडते, मग पुन्हा वर चढते. हा खड्डा ती झोपेतही ओळखील. यंत्रांच्या गोंगाटात वर्षानुवर्षं काम केलेल्या माणसांच्या कानाला तिथेच भोक पडतं. कारखान्यांतून माणसं तपासणीला येत, त्यांच्यात असे खड्डे असायचेच. पण इथे शाळेतली मास्तरीण होती, शिंपी होता, एक ग्रंथपाल होता, ज्याच्या आयुष्यात कुणी मोठ्यानं बोललंसुद्धा नसेल. सगळ्यांना तोच खड्डा, त्याच जागी. हेडफोनच्या गाद्या जुन्या, चामडं कडक झालेलं, कानाला धड चिकटत नाहीत. पाठीशी हातभर अंतरावर तो पंखा चार हजारांत शिट्टी घालत बसलेला. आणि तोच सूर हळूच त्यांना ऐकवून ती विचारत होती, येतो का ऐकू? आठ महिन्यांत हे कसं दिसलं नाही? दिसलं होतं. हल्ली गोंगाट फार वाढलाय, असं ती डॉक्टरला म्हणाली होती, आणि डॉक्टर म्हणाली होती, हो ना बाई.

आणि कार्डांच्या खाली, शेऱ्याच्या जागी, तिच्याच बारीक अक्षरात: कानात शिट्टी वाजते. कानात शिट्टी वाजते. खड्ड्याची अशी एकतीस कार्डं निघाली, त्यांतल्या एकोणीसवर. माणसं आत बसल्यावर सांगत, बाई, कसली तरी शिट्टी येते. ती काचेपलीकडून, छोट्या माइकमधून, आपल्या मऊ आवाजात विचारी, कुठल्या कानात? दोन्ही, म्हणत. तिचा आवाज मऊ होता, लोक म्हणायचे की बाईंच्या नुसत्या बोलण्यानं धडधड कमी होते. त्या आवाजात ती त्यांना सांगत असे की घाबरू नका, पुष्कळांना असं होतं, कान आतून वाजतो. आणि माणसं विश्वास ठेवत. घरी जाऊन आपल्याच कानात ती शिट्टी शोधत बसली असतील. शोधली की सापडतेच.

क्रेनवाल्याचं कार्ड तिनं मुद्दाम शोधलं नाही. ते हाताला लागलं. पत्र्याच्या कारखान्यातला, पन्नाशीकडे झुकलेला, सडसडीत माणूस. छताखालून फिरणाऱ्या क्रेनवर काचेच्या खोलीत बसायचा, वीस वर्षं. तपासणीआधी त्यानं तिला हौसेनं सांगितलं होतं की वरून सगळी माणसं मुठीएवढी दिसतात आणि त्यांची भांडणंही तेवढीच. वर हवा येते, खालचा गोंगाट वर पोचेपर्यंत निम्मा होतो, आणि खालच्या माणसानं शिट्टी मारली की माल उचलायचा, दोनदा मारली की थांबायचं. सगळं काम कानावर. मग तो आत गेला, हेडफोन घातले, आणि पहिलाच सूर सुरू व्हायच्या आत मान वळवून मागे बघू लागला. “बाई, मागं काहीतरी वाजतंय.”

मागं. इतक्या सरळ, इतक्या साध्या शब्दात. आणि ती हसली होती. तसंच वाटतं सगळ्यांना, म्हणाली होती, समोर बघा.

त्याची रेघ चार हजारांपाशी पडली. ज्याला शिट्टी ऐकू येत नाही त्याला क्रेनवर बसवत नाहीत. ते तिचं काम नव्हतं, डॉक्टरची सही, कारखान्याचा निर्णय. तिनं फक्त रेघ काढली होती. कार्ड त्यानं हातात घेतलं होतं. वाद घालणाऱ्यांतला नव्हता. एवढंच विचारलं होतं, “यंत्र चुकतं का हो कधी?” आणि तिनं, त्याला बरं वाटावं म्हणून, आणि यंत्र चुकत नाही याची खात्री होती म्हणून, म्हटलं होतं, “चुकलेलं कळलं तर मी स्वतः तुमच्याकडे येऊन सांगेन.” तो म्हणाला होता, मग ठीक. दिलेल्या शब्दाची पावती घ्यावी तशी त्यानं मान लववली होती आणि गेला होता. त्याला फाटकावर बसवलं. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे, माणूस उभा राहिला तर डोकं लागेल एवढ्या पत्र्याच्या खोक्यात.

तीन महिन्यांनी तो पुन्हा आला होता, फेरतपासणीला. तो प्रसंग तिनं मनात कुठेतरी खाली घालून ठेवला होता. आता तो वर आला. तो मोठ्यानं बोलत होता. तिनं नाव विचारलं तर कानामागे तळहात धरून “आं?” म्हणाला होता. आधी असा नव्हता. सोबत बायको होती, ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन तोच प्रश्न ओरडून सांगत होती. घरात आता सगळे माझ्याशी असंच बोलतात, तो ओशाळं हसत म्हणाला होता, सवय झाली. तिनं त्याला आत बसवलं. तोच सूर, तोच पंखा, तोच खड्डा. या वेळी मागे काही वाजतंय असं तो म्हणाला नाही. त्यानं एकदाही मान वळवली नाही. तो शिकला होता. कार्डावर तिनं लिहिलं होतं: पूर्ववत.

बाहेर बाकावर कुणीतरी खोकलं, तो खोकला तिला स्वच्छ ऐकू आला. खोकला येतो, पावलं येतात, डॉक्टरचं बोलणं येतं. एवढंच जातं, वरचं, बारीक. कॉम्प्युटरवाल्यानं बोट उचलल्यावर ऐकू आलं नाही ते कदाचित आपण गडबडलो म्हणून. माणूस घाबरला की असं होतं, तिनं किती जणांना पुन्हा बसवलंय. शंका होती तोवर जागा होती. ती शंकेत अंग चोरून बसू शकत होती, उद्यापर्यंत, चार वर्षांपर्यंत. पण खोली समोर होती, दार उघडं होतं, पंखा उपटलेला होता. आठ महिन्यांत पहिल्यांदा खोली तपासणीला लायक होती.

यंत्रात आपोआप तपासणीची सोय होती. कॉम्प्युटर स्वतःच सूर काढी, मनाला येईल तेव्हा, लहान-मोठा, आणि बटण दाबलं की नोंद करी. ती कधी वापरली नव्हती, माणसाला माणसानं तपासावं असं मोठ्या बाईंचं म्हणणं. आज तिनं ती चालू केली, आत गेली, पाठीनं दार ढकललं. कानांवर तळहात आले. रोज ती या खुर्चीत बसे ती डोळे मिटून, हात मोकळे ठेवून. आज हेडफोन घातले, बटण मुठीत धरलं, आणि खोली एकदम वेगळी झाली. काचेपलीकडे तिची स्वतःची खुर्ची दिसत होती, रिकामी, पाठीवर तिची शाल. तिथे कुणाचा हात नव्हता पाहायला. इथे बसून माणसांना काय दिसत असेल ते तिनं पहिल्यांदा पाहिलं. आपला चेहरा दिसत असेल, आणि चेहऱ्यावर काही कळू न देण्याचा सराव. स्पंज जवळ आल्यासारखा वाटला. हवा थांबलेली, आधीच्या माणसांचे श्वास अजून तिच्यात असावेत इतकी जुनी. पाठीशी उघडा डबा हळूहळू तापत होता, त्याची ऊब मानेला कळत होती.

खालचे सूर आले. अडीचशे, पाचशे, हजार. मऊ, गोल, ओळखीचे, घरच्या माणसांसारखे. तिनं दाबलं, दाबलं, दाबलं. दोन हजारांचा थोडा उशिरा, दुरून आल्यासारखा. मग काहीच नाही. ती थांबली. मधे विश्रांती असते, तिला माहीत होतं. पण विश्रांती संपेना. ती गोड, भरलेली शांतता भोवती जमू लागली, सकाळची, नेमाची, आणि तिला कळलं की या क्षणी या शांततेच्या पलीकडे सूर वाजतो आहे. मोठा होतो आहे, आणखी मोठा, दारावर कुणी थापा माराव्यात तसा, आणि आपण आतून कडी लावून डोळे मिटून बसलो आहोत. तिला दाबावंसं वाटलं. अंदाजानं, एकदा, कुठेतरी. अंगठा बटणावर होता. एवढी वर्षं लोक अंदाजानं दाबत आले, आणि त्यांना पकडायला ती होती. अंगठा तिनं तसाच ठेवला, न दाबता. बऱ्याच वेळानं, लांब कुठे डास असावा तसं काही आलं. तेव्हा दाबलं.

पडद्यावरची रेघ सरळ येत होती, येत होती, आणि चार हजारांपाशी खाली गेली होती. तिची रेघ पुन्हा वर चढली नव्हती. उतरतच गेली होती, कागद संपेपर्यंत. खड्डा नव्हे, वयाचा उतार. मुद्दाम कुणी केलेलं काही नाही, कुणाचा दोष नाही. पंचावन्नाव्या वर्षी पुष्कळांना होतं. हे सांगायचं वाक्य तिला पाठ होतं. तिनं तो कागद छापून घेतला, वर आपलं नाव घातलं, आणि खाली शेऱ्याच्या जागी पेन टेकवून जरा थांबली. मग लिहिलं: खोली ऐकू येत नाही.

कॉम्प्युटरवाला आला तेव्हा एक वाजून गेला होता. त्यानं मोठा पंखा बसवला, रबरी बूच लावून, पट्टीबिट्टी न मारता, आणि झाकण लावायच्या आधी तिला बोलावलं. पातं न् पातं दिसत होतं. घ्या, आता ऐकून बघा, तो म्हणाला, कामाची फुशारकी चेहऱ्यावर लपवत.

“मला ऐकू येत नाही,” ती म्हणाली. “तो आधीचाही येत नव्हता. तुम्ही आत बसा पाच मिनिटं, दार लावून, आणि काय ऐकू येतं ते मला सांगा.”

त्यानं तिच्याकडे पाहिलं. मग पिशवी खाली ठेवून आत गेला. काचेतून तिनं पाहिलं तर त्यानं डोळे मिटले होते, देवळात बसावं तसा अवघडून, हात मांडीवर. पाच मिनिटं तो खरोखर हलला नाही. बाहेर आला तेव्हा आवाज उगीचच उतरला होता. काही नाही ताई, म्हणाला, हवा जाते तेवढी. आणि माझंच छातीत वाजत होतं.

दुपारच्या माणसांना तिनं उद्याच्या वेळा दिल्या. डॉक्टर जेवायला गेली होती. तिच्या टेबलावर तिनं तीस कार्डं ठेवली, त्यांच्यावर छोटा पंखा ठेवला, वर आपला कागद. चिठ्ठीत लिहिलं की ही सगळी माणसं परत बोलवायची आहेत, उद्या सकाळी खोली दुसऱ्या कुणी ऐकावी, बाकीचं मी आल्यावर सांगते. चिठ्ठी वाचून डॉक्टर काय म्हणेल, खुर्ची राहील की जाईल, हे विचार आले. ते तिथेच त्या ढिगावर राहू दिले. घरी नवऱ्याला काय सांगायचं हेही तसंच. तो थट्टा करणार नाही, हेच जड जाईल. क्रेनवाल्याचं कार्ड ढिगात नव्हतं, ते तिनं पर्समध्ये घातलं होतं. कारखाना बसनं तीन थांब्यांवर होता. फाटकावर तीनला पाळी बदलते, हे त्यानंच कधी सांगितलं होतं.

फोनवर सांगता आलं असतं. पण शब्द येऊन सांगण्याचा होता.

जिना उतरताना ती वाक्य जुळवत होती. तुमचा कान चांगला आहे. तुम्ही म्हणालात ते खरं होतं, मागे वाजतच होतं. एवढंच, आधी एवढंच. तो कानामागे तळहात धरील, “आं?” म्हणेल, सवयीनं. आजूबाजूला गाड्यांची घरघर असेल, आणि तिला वाटेल की मोठ्यानं बोलावं. मोठ्यानं बोलायचं नाही, तिनं ठरवलं. खोक्याच्या खिडकीपाशी उभं राहून आपल्या नेहमीच्याच आवाजात सांगायचं, त्यानं हात खाली घेईपर्यंत पुन्हा पुन्हा सांगायचं. त्याला ऐकू येईल. रस्त्यावर ऊन होतं. तारेवर पाखरं होती, चोची उघडत होती, मिटत होती. ती त्यांच्याकडे क्षणभर पाहत उभी राहिली, मग पर्स काखेत घट्ट धरून बसच्या थांब्याकडे चालू लागली.